मांगचा ब्रेक अन् टिकल्याचा पोळा

माह्या गाडीचा मांगचा ब्रेक गेला असं मी कधीच म्हनलो नाही. ब्रेक होता. पाय ठेवला का तो खाली जाये, कापसाच्या गंजीवर बसल्यासारखा आरामात जाये, अन् बुडाशी गेल्यावर मंग इचार करे, का आता थांबावं का आनखी थोडं पाहावं. हापीसात अर्ज देल्यावर होते ना, तसं. अर्ज कोनी परत करत नाही, कोनी नाही म्हनत नाही, अन् काम बी होत नाही.

प्रेरणा, म्हंजे माही बायको, एक दिवस मांग बसून बाजारात आली. समोर गाय बसली होती. मी ब्रेक दाबला. गाडी आपल्या चालीनं पुढं गेली, गायीच्या शेपटीले लागून थांबली. गायीनं मान वळवून माह्याकडं असं पाह्यलं, जसं तिले म्हनाचं होतं, 'हे मले अपेक्षितच होतं.' प्रेरणा उतरली, पदर सारखा केला अन् म्हनली, "हा ब्रेक हाय का उशी? मी पायी येते. तुमी गाईसंग या."

आता गोष्ट अशी हाय राजेहो, मी घाटंजीच्या एका कॉलेजात भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत सहायक हाय. आमच्या कपाटात पास्कलच्या नियमाचं काचेचं यंत्र हाय. दरसाल मी ते पुसतो, पोराईपुढं मांडतो, अन् फळ्यावर सुंदर अक्षरात लिहितो का बंद भांड्यातल्या द्रवावर दाब देला तर तो सगळीकडं सारखा पसरते. गाडीचा ब्रेक याच नियमावर चालते. मंग मी कोन्या मिस्त्रीपुढं जाऊन कसं म्हनू, का बा माह्या गाडीत पास्कल चालून नाही राह्यला? मानसाले काही इज्जत असते. म्हनून मी ते उशी तशीच दाबत वर्ष काढलं असतं.

पन पोळा आला.

अन् पोळा म्हंजे टिकल्या. टिकल्या हा आमचा बैल. आमचा म्हंजे पहिले आमचा होता. बाबा गेले, वावर ठेक्यानं देलं, तवा टिकल्या अन् मोत्या ही जोडी मायनं गावाबाहेरच्या उताराखाली बंजाऱ्याईचा तांडा हाय, तिथल्या भावसिंगले देली. देताना एकच अट घातली, का पोळ्याच्या दिवशी पहिली पुरनपोळी माह्या हातची. भावसिंग म्हनला, "याडी, बैल माहे, पोळा तुमचा." त्याच्या बोलीत याडी म्हंजे माय. तवापासून दर पोळ्याले मी मायले गाडीवर घेऊन तांड्यावर जातो. ऑटोत तिले मळमळते. दुसऱ्याच्या गाडीवर ते बसत नाही. अन् एस. टी. त्या उताराच्या खाली कधी गेली नाही, जाईन असं वाटत बी नाही.

मोत्या मांगच्या हिवाळ्यात गेला. अन् यंदा पोळा जवळ आला तसा भावसिंगचा फोन आला. "कपिलभाऊ, टिकल्या आता बसला का लवकर उठत नाही. पुढच्या पोळ्याचं मी काही सांगू शकत नाही. याडीले घेऊन या."

फोन स्पीकरवर होता. माय बाजूलेच बसली होती. उठून हरबऱ्याच्या डाळीचा डबा काढला अन् खडे निवडाले बसली. पोळ्याले अजून आठ-दहा दिवस होते. त्या डाळीत खडा एक बी नव्हता, तरी ते संध्याकाळलोक निवडत बसली.

तो उतार तुमी पाह्यला नसन. सारा मुरूम. समोरचा ब्रेक जरा जोरात दाबला का चाक घसरते अन् मानूस गाडीच्या पहिले तांड्यावर पोहोचते. तिथं मांगचाच ब्रेक पाह्यजे. म्हंजे मायची अन् टिकल्याची भेट आता त्या उशीवर येऊन थांबली होती. ते म्हनन्यापुरतं. उशीवर काही थांबतच नव्हतं, तोच तर लफडा होता.

मी गाडी आंगनात लावली अन् तिच्यापाशी वाकून बसलो. एवढंच पुरते. आपल्या इकडं मानूस गाडीपाशी वाकून बसला का पाच मिनिटात गल्ली जमते. मयतीले येवढे लोक लवकर येत नाहीत. एक जन म्हनला, गाडी इकून टाक. दुसरा म्हनला, अमावास्येले लिंबू बांध. तिसऱ्यानं तर शास्त्रच सांगतलं: "भाऊ, तू ब्रेक लावतच नको जाऊ. मी कई लावतो? अंदाजानं चालवाची." हा मानूस दोनदा नालीत गेला हाय, पन दोन्ही येळा अंदाजानंच गेला, हे कबूल करा लागते.

मंग आमचे शेजारी पुंडलिकराव आले. पुंडलिकरावाईपाशी ट्रॅक्टर हाय, म्हनून चाकं असलेल्या कोन्याही वस्तूवर त्याईचा शब्द शेवटचा. सायकलवर, पाळन्यावर बी. त्याईनं पायडल हातानं दाबून पाह्यलं, डोळे मिटले, अन् डॉक्टर बोलते तसे हळूच बोलले, "तेल कमी झालं."

निदान बरोबर होतं. निदान बरोबर निघालं का आपन औषधाचं इचारतच नाही, तिथं फसगत होते.

पुंडलिकराव घरातून ट्रॅक्टरच्या हायड्रोलिकचा डबा घेऊन आले. मी तेलाच्या टाकीचं झाकन पाह्यलं. त्याच्यावर बारीक अक्षरात लिहून होतं का अमुकच ब्रेक ऑइल टाका. मी ते मोठ्यानं वाचलं.

"ते लिहिनारच!" पुंडलिकराव म्हनले. "त्याईले डब्बा इकाचा हाय. अबे, याच तेलावर माहा ट्रॅक्टर कापसाची भरलेली ट्रॉली उचलते. तुही फटफटी काय चीज हाय?"

मी इचार केला. पास्कल म्हनते द्रव. कोन्या कंपनीचा, हे पास्कल म्हनत नाही. टाकलं.

अन् काय सांगू, ब्रेक लागला! पायडल दाबताच चाक जागच्या जागी. मी घाटंजीभर फिरलो. काम काहीच नव्हतं. निसता जाये अन् थांबे. ओळखीचा मानूस दिसला का त्याच्यापुढं थांबे. अनोळखी दिसला तरी थांबे. माय ओसरीवरून पाहे अन् डाळ झाकून ठेवे.

मंग बाजाराचा दिवस आला. भर बाजारात, मेथीच्या अन् सांभाराच्या, म्हंजे कोथिंबिरीच्या, दुकानाईच्या मधात, मी रुबाबात ब्रेक दाबला. गाडी थांबली. पाय काढला. गाडी थांबलेलीच. गिअर टाकला, रेस देली, गाडी रडली, पन हालली नाही. त्या ट्रॅक्टरच्या तेलानं आतले रबर फुगले होते, हे मांगून समजलं. त्या येळेस येवढंच समजलं का पहिले हा धरत नव्हता, अन् आता सोडत नाही. काही मानसं अशी असतात. आधी वर्षानुवर्ष ओळख देत नाहीत, अन् एकदा धरलं का बसस्टँडवर बी सोडत नाहीत.

लोक जमले. हॉर्न वाजले. मेथीवाली म्हनली, "मास्तर, घ्याची असन तर जुडी घ्या, नाही तर हा खटारा उचला." बारावीचं एक पोरगं गर्दीतून पुढं आलं अन् अगदी गरीब तोंडानं म्हनलं, "सर, दाब सगळीकडं पसरला का?"

त्याचं प्रॅक्टिकल फेब्रुवारीत हाय. मी ध्यानात ठेवलं.

शेवटी चार जनाईनं गाडी उचलून चहाच्या हाटेलीपाशी नेली. गाडी अशी उचलून नेताना तिच्या मांगं हात बांधून चालाचं असते, ते मानसाले बरोबर जमत नाही. ना मालक वाटत, ना पाहुना. तितक्यात पुंडलिकराव आले. पाह्यलं अन् छाती फुगवून म्हनले, "पाह्य! म्हनलं होतं का नाही, का पकडन म्हनून?"

गावातल्या मिस्त्रीनं झाकन उघडलं, वास घेतला अन् झाकन परत लावलं. आतलं सगळं बदला लागन, सामान यवतमाळच्या शोरूमलेच भेटन, म्हनला. गाडी दुसऱ्या दिवशी सकाळी एका टेम्पोत चढवली. टेम्पो पोळ्याचं सामान भराले निघाला होता. त्यात आधीच झुला होत्या, बाशिंगं होते, अन् पोराईच्या तान्ह्या पोळ्याचे मातीचे बैल होते. माही गाडी त्या बैलाईच्या मधात बांधली. टेम्पोवाला दर खड्ड्याले वरडे, "मास्तर, गाडी धरा, बैल फुटतीन!" यवतमाळलोक मी एका हातानं गाडी अन् दुसऱ्या हातानं मातीचा बैल धरून गेलो. गाडी फुटन अशी काळजी कोनी केली नाही.

शोरूममध्ये ए. सी. होता, अन् काउंटरवर एक पोरगी अन् एक कॉम्प्युटर होता. पोरगी चांगली होती. कॉम्प्युटरचं सांगता येत नाही.

"तक्रार काय आहे सर?"

"ब्रेक सुटत नाही."

तिनं कॉम्प्युटरवर पाह्यलं. "ब्रेक आवाज करतो आहे. ब्रेक लागत नाही आहे. 'सुटत नाही' असं नाही आहे याच्यात."

"मंग पहिलेची टाका. पहिले लागत नव्हता."

"पण आता लागतो ना?"

"आता लागलेलाच हाय."

तिनं 'इतर' टाकलं. 'इतर' टाकलं का कॉम्प्युटर कारन मागते. म्हनून तिनं इचारलं का तेल कोनतं टाकलं. मी काउंटरवर वाकून हळूच सांगतलं. ते मात्र साऱ्या हॉलले आयकू जाईन अशी बोलली, "ट्रॅक्टरचं?"

हॉलमधल्या साऱ्या मुंड्या माह्याकडं वळल्या.

मंग ओटीपी आला. म्हंजे यायले पाह्यजे होता. गाडी मायच्या नावावर हाय. बैलाईच्या जागी गाडी घेतली, तवा मायनं म्हनलं, बैल माह्या नावाचे होते तर त्याईच्या जागचं बी माह्याच नावाचं राहीन. म्हनून फोन नंबर बी मायचाच. मी घरी फोन लावला.

"माय, तुह्या फोनवर चार आकडे आले असतीन. ते सांग."

"आले. पन सांगत नाही."

"अवो काहून?"

"बँकेतल्या सायबानं सांगतलं, हे आकडे कोनाले सांगाचे नाही. पोटच्या पोराले बी नाही. अस्संच म्हनला, पोटच्या पोराले बी."

"माय, मी खरंच बोलून राह्यलो! कपिल!"

"तो सायेब म्हनला, ते लोक असंच म्हनतात."

मी शपथा घातल्या. लहानपनी झाडावरून कुठं पडलो ते सांगतलं. काउंटरवरची पोरगी गालातल्या गालात हासे. माय म्हनली, "थांब, मीच येते," अन् फोन ठेवला.

माय एस. टी. नं आली. डब्बा घेऊन आली. माहा डब्बा, अन् त्या पोरीसाठी वेगळे धपाटे. तोवर ते आकडे बाद झाले होते. पोरीनं नवे पाठवले. मायनं फोन काढला, आकडे पाह्यले, हॉलमधी कोन कोन उभं हाय तेही पाह्यलं. मंग फोनच उलटा करून पोरीपुढं धरला.

"तूच वाच माय. मी सांगतलं नाही हं."

तिचा शब्द राह्यला अन् शोरूमचं काम बी झालं. मले तर वाटते देशाच्या कारभारात अशा बाया वर बसवाव्या.

गाडी आत गेली. मले काचेच्या अलीकडं बसवलं, पन माय सरळ आत गेली. मालकीन हाय, तिले कोन अडवनार? मिस्त्री अमर नावाचा पोरगा होता, कानात वायर घालून गानं आयकत काम करे. मायनं त्याच्या कानातली वायर आपल्याच हातानं काढली.

"बाबू, याच्यात गाडीले थांबवते कोन?"

अमरनं मांगच्या चाकाची चकचकीत चकती दाखवली. "हे पाहा आजी. तुमी दोघं बसले, पिशव्या आल्या, उतार आला, तर साऱ्याचा भार शेवटी याच्यावरच येते. लय रगडा खाते हे."

"तापते?"

"तापते ना. हात नाही लावता येत."

मायनं थंड चकतीवर तळहात ठेवला. थोडा येळ तसाच ठेवला. "बिचारं," म्हनली.

हे मी काचेतून निसतं पाह्यलं, बोलनं मायनं लय मांगून सांगतलं. तवा मले काही वाटलं नाही. शिकलेल्या मानसाले काचेतून पाहाची सवय असते. आवाज येत नाही, म्हनून अर्थ बी नाही असं त्याले वाटते.

आतलं सारं नवं बसवलं. पायडल दगडासारखं झालं. अमर म्हनला, पॅड नवे हायेत, सुरुवातीले थोडी घसरन, मंग बसन. आमी घरी आलो. सारा रस्ता मायनं माह्या पाठीले डोकं टेकलं होतं. मले वाटलं, थकली असन.

पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी आमच्या इकडं खांदशेकनी असते. वर्षभर जूं ओढून बैलाचे खांदे सोलतात. त्या संध्याकाळी ते गरम पान्यानं शेकाचे, पळसाच्या पानानं तूप अन् हळद चोळाची, अन् बैलाले दुसऱ्या दिवशीच्या जेवनाचं आवतन द्याचं. आमच्या गल्लीत आता बैल एक बी नाही. पुंडलिकरावाईनं ट्रॅक्टरले फुगे बांधले होते. मी घरात पायडलची मजबुती प्रेरणाले समजावून सांगत होतो. आंगनात काही आवाज आला म्हनून डोकावलं.

माय गाडीपाशी उभी होती. बाजूले वाटी होती, पळसाचं पान होतं. गाडीच्या हँडलवर, दोन्ही बाजूनं, ते तूप-हळद चोळून राह्यली होती. हळूहळू, जनावराच्या आंगावरून हात फिरवते तसा. अन् म्हनत होती, "आज आवतन घे, उद्या जेवाले ये."

मले पहिले लाज वाटली. समोरच्या ओट्यावर पुंडलिकराव बसून सारं पाहत होते. आता हा मानूस काय बोलन म्हनून मी जीव मुठीत धरला. पुंडलिकरावाईनं डोक्यावरची टोपी काढली अन् मांडीवर ठेवली. इतक्या वर्षात पहिल्यांदा त्या मानसापाशी सल्ला नव्हता. मी बी पडदा सोडला अन् आत गेलो. काही गोष्टी मानसानं पाहू नये, असं वाटलं.

पाहाले पाह्यजे होत्या. माय हँडलवर थांबली नव्हती.

दुसऱ्या दिवशी दुपार कलल्यावर आमी निघालो. मायच्या मांडीवर पुरनपोळ्याईची पिशवी, वरून फडकं. आभाळ निवळलं होतं, दोन्हीकडं सोयाबीन कमरेलोक आलेलं. मी दोन-तीनदा ब्रेक लावला. पायडल पक्कं, पन गाडी जरा सावकाश थांबे. अमरचे शब्द आठवले: नवे पॅड, बसतीन. मी मनात पास्कलले नमस्कार केला.

उतार आला. मी पायडलवर पाय ठेवला. पायडल एक इंच हाललं नाही. गाडी मात्र चालली. आखीन जोर देला. गाडी आखीन चालली. समोरचा ब्रेक जरासा धरला तर चाक मुरमावर सरकलं, मायची पिशवी तिरपी झाली, म्हनून सोडून देला. पहिल्या गिअरात टाकली, इंजिन बोंबललं. वेग काही फार नव्हता. पळत्या बैलायेवढा असन. पन पळता बैल कुठं थांबनार हे कोनाले तरी ठाऊक असते.

खाली तांड्यावर पोळा भरला होता. रस्त्यावर आंब्याच्या पानाईचं तोरन आडवं बांधलेलं, त्याच्या अलीकडं बैलाईची रांग, झुला, घुंगरं, शिंगाईले बेगड. पोळा फुटाचा राह्यला होता. तोरन तोडून पहिले कोनाचा बैल जाईन, हा मान. अन् त्या मानावरून तांड्याचे लालसिंग नाईक अन् पूनमसिंग कारभारी हे दोन म्हातारे तोरनाखाली एकमेकाच्या छातीले छाती लावून उभे होते. दरसाल असतात. दोघाईच्या मांगं दोघाईचे लोक, हातात तुतारी, म्हंजे बैल टोचाची आर, लावलेल्या काठ्या. आवाज चढलेले. ढोलवाल्यानं ढोल बंद केलता. अशा येळेस ढोल बंद होनं चांगलं नसते.

मी वरून हॉर्न वाजवला. तो बी बारीक वाजला. मी वरडलो, "बाजू! बाजू व्हा!" कोनी मान बी वळवली नाही. मास्तराचा आवाज वर्गाबाहेर कोन आयकते?

तेवढ्यात माह्या कानामांगून आवाज आला.

"होऽऽऽ! होऽऽ बाप्पा, होऽऽऽ!"

बैलाले थांबवाचा आवाज. तो आवाज मी मायच्या तोंडून कितीक वर्षात आयकला नव्हता. लहानपनी वावराच्या धुऱ्यावरून येये. रांगेच्या मधात एक पांढुरका बैल होता, कपाळावर काळा टिपका. त्यानं मान वर केली, कान हालवले अन् चारी पाय रोवून उभा राह्यला. तो थांबला म्हनून त्याच्या मांगचे थांबले. ते थांबले म्हनून मानसं वळले. नाईक इकडं सरकला, कारभारी तिकडं. तिच्या एका आवाजावर सारा तांडा थांबला. थांबलो नाही तो मी एकटा.

मी त्या दोघाईच्या मधून, तोरन छातीवर घेऊन, सरळ पार झालो. पुढं बैलाईसाठी हिरव्या वैरनीचा ढीग होता. गाडी त्यात नाक खुपसून बसली. मी हँडलवर, माय माह्या पाठीवर, अन् पुरनपोळ्याईची पिशवी तिच्या हातात वर धरलेली, जशीच्या तशी. माह्या गळ्यात आंब्याचे पानं.

मांगून एक पोट्टं वरडलं, "पोळा फुटला!"

मंग लालसिंग नाईक काठी टेकत आला. त्याच्या बाजूनं कारभारी. जन्मात पहिल्यांदा ते दोघं एका दिशेनं चालत होते, अन् ते दिशा माही होती.

"तोरन कोनं तोडलं?" नाईक म्हनला.

"नाईक, चुकीनं झालं. ब्रेक..."

"मान दोनशे वर्षाचा! अन् तोडला फटफटीनं?"

"कांई वेगो?" मांगून येनारे इचारत होते, म्हंजे काय झालं. सांगनारे सांगत होते, अन् सांगता सांगता मोटरसायकलचे ट्रक होत होते. भावसिंग गर्दी फोडून आला, मायले उठवलं. त्याची बायको जमनी म्हनली, "आव याडी, बेस," अन् बाज पुढं केली. पन माय बसली नाही. ते टिकल्याकडं पाहत होती. मधात लोक होते, काठ्या होत्या. टिकल्या दहा पावलावर, अन् त्या दहा पावलात सारा तांडा तापून उभा.

कारभाऱ्यानं वाकून गाडी पाह्यली. हँडलवर बोट लावलं, वास घेतला. मंग मांग गेला. मांगच्या चाकाच्या चकतीवरून बोट फिरवलं. बोट पिवळं झालं, चकाकलं.

"हे काय हाय?"

मी वाकून पाह्यलं. चकतीवर दोन्हीकडून तुपाचा थर. पळसाच्या पानाच्या शिरा बी उमटल्या होत्या.

"माय," मी म्हनलो, "इथं बी लावलं?"

"मंग?" माय म्हनली. "तो पोरगा म्हनला नाही का, सारा भार त्याच्यावर येते? भार जिथं येते तो खांदाच ना. तापते म्हनला. वर्षभर मले, तुले ओढते. मी हँडलले काहीच नसतं लावलं, पन निसतं मांगचं लावलं तर पुढच्याले वाईट वाटलं असतं."

कोनी हासलं नाही. हेच मले इशेष वाटलं. माह्या कॉलेजात हासले असते.

नाईकानं इचारलं, "खांदा शेकला याचा? आवतन देलं?"

"देलं," माय म्हनली. "काल संध्याकाळी."

नाईकानं कारभाऱ्याकडं पाह्यलं. कारभाऱ्यानं नाईकाकडं. दोन्ही म्हाताऱ्याईच्या डोक्यात एकच हिशेब चालला होता, अन् मले तो दिसत होता. मान नाईकाचा गेला, पन कारभाऱ्याले भेटला नाही. कारभाऱ्याचा गेला, पन नाईकाले भेटला नाही. येवढं चांगलं आजलोक कधीच झालं नव्हतं.

"खांदा शेकला, आवतन देलं," नाईक सावकाश म्हनला, "मंग तो बैलच झाला."

"बैलच," कारभारी म्हनला. "अन् जनावर सुटलं तर गुन्हा जनावराचा नसते. हाकलनाराचा असते."

सारा तांडा माह्याकडं पाहाले लागला. मी मान खाली घातली. गळ्यातले पानं टोचत होते. ढोल वाजला. "हर हर महादेव" झालं. जमनीनं पितळी ताटात दिवा आनला अन् माह्या गाडीले ओवाळलं. मले नाही. मी हाकलनारा.

अन् मंग गर्दी आपोआप फाकली अन् टिकल्या आला. भावसिंगनं दोर सोडून देला होता. टिकल्या सावकाश आला, मांगचा एक पाय ओढत. माय पुढं झाली. मले वाटलं ते काही बोलन, रडन. तिनं निसती पोळी त्याच्यापुढं धरली. त्यानं पोळी हुंगली, खाल्ली नाही. तिच्या हाताचा वास घेतला. मंग तो तुपाचा वास घेत गाडीपाशी गेला, मान वाकवली अन् मांगच्या चाकाची चकती चाटाले लागला. खरबरीत जिभेनं, आस्ते आस्ते, इकडून, मंग तिकडून. पार आरशासारखी केली. तवा कुठं त्यानं पोळी खाल्ली. एक खाल्ली, दुसरी खाल्ली. तिसरी अर्धी राहू देली.

माय अर्धी पोळी हातात घेऊन उभी राह्यली. "पोट भरलं त्याचं," म्हनली. मले माहीत होतं, टिकल्याले सात पोळ्या लागत. तिले बी माहीत होतं. भावसिंग दुसरीकडं पाहत होता.

संध्याकाळ झाली तसे आमी निघालो. जमनीनं चकतीले राख लावून धुतलं. भावसिंग म्हनला, "कपिलभाऊ, बिगर ब्रेकचे जाता?"

माय म्हनली, "वर चढाले ब्रेक कायले लागते रे?"

पहिल्या गिअरात मी चढ चढाले लागलो. थोडं वर गेलो तर मांग घुंगरं वाजले. आरशात पाह्यलं. टिकल्या मांग मांग येत होता. झूल एकीकडं सरकलेली, मांगचा पाय ओढत, मुरमावरून. तो चढ त्याच्या पायानं झेपनारा नव्हता. भावसिंग खालून हाका मारे, तो आयकत नव्हता.

मायनं बी पाह्यलं असन. तिनं मान वळवली नाही. माह्या खांद्यावरचा तिचा हात घट्ट झाला, अन् ते हळूच म्हनली,

"होऽऽ."

घुंगरं थांबले.

अन् खरं सांगतो राजेहो, मले काय झालं ते पास्कलले बी सांगता येनार नाही. मी ब्रेकले हात लावला नाही, पाय लावला नाही. दोन्ही पाय जमिनीवर टेकवले अन् थांबलो. त्या उतारावर आमी चौघं तसेच उभे राह्यलो थोडा येळ, चौथी गाडी धरून.